जवाईबुवांचा डॅशकॅम

आमच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक माझ्या यजमानांशी बोलते आणि त्याचे काम मात्र माझ्याकडे येते. ही वाटणी आम्ही बसून ठरवलेली नाही. यजमानांना बोलायला आवडते, मला फारसे आवडत नाही. त्यांचा मणका वाकत नाही, माझा अद्याप वाकतो. रिसोडमधील आमच्या लहानशा ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर त्यामुळे एक दृश्य नेहमी दिसते. यजमान खुर्चीवर बसून पाहुण्याला चहा पाजत असतात आणि पुढ्यात उभ्या असलेल्या पिकअपच्या उघड्या दारातून एका बाईचे दोन पाय बाहेर आलेले असतात. नवखा माणूस आधी त्या पायांकडे पाहतो, मग यजमानांकडे, आणि मग जरा दबकत विचारतो, "मिस्तरी कुठं गेला?"

"मिस्तरी आतच हाये," यजमान सांगतात. "पण एकदम आवाज नका देऊ. दचकली की डोकं आपटते तिचं."

हे सगळे लिहावे असे या अंकाच्या संपादकांनी सुचवले, तेव्हा मी दोन वेळा नकार दिला. माझी या धंद्यातली वर्षे थोडी. त्याआधीचे आयुष्य कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात गेले. विद्यार्थी आटत गेले आणि एके वर्षी आमची विज्ञान शाखाच बंद झाली. पन्नाशी जवळ आलेली. त्याच सुमारास यजमानांच्या मणक्याने डॅशबोर्डखाली शिरायला साफ नकार दिला. ते बाहेरून सांगत आणि मी आत पडून हात चालवी, असे करता करता काम अंगवळणी पडले. विद्युतप्रवाह मी कित्येक पिढ्यांना फळ्यावर बाण काढून शिकवला होता. तो खऱ्या वायरीतून कसा जातो, हे मात्र त्या वेळी प्रथमच पाहिले. उशिरा शिकलेले काम थोडे उसने आणल्यासारखे वाटत राहते. म्हणून मी ते अजूनही जरा जपून करते.

डॅशकॅम म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेला आतून चिकटवलेला लहानसा कॅमेरा. गाडी सुरू झाली की तो आपोआप सुरू होतो आणि समोरचा रस्ता टिपत राहतो. आतले कार्ड भरले की सर्वांत जुने चित्रण पुसतो आणि त्या जागी नवे लिहितो. अपघात झाला, कोणी खोटा आळ घेतला, तर चूक कोणाची होती हे दाखवता येते. चित्रण पाहायचे असेल तर कॅमेरा मोबाइलला जोडून घेता येतो. इतके साधे यंत्र आहे. अडचण अशी, की ते बनवणाऱ्याने आमचा जिल्हा पाहिलेला नसतो.

पहिली अडचण उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या पिकअपच्या काचेला हात लावून पाहावा. स्वस्तातल्या कॅमेऱ्यात बॅटरी असते आणि ती त्या उष्णतेने फुगते. एका गिऱ्हाइकाचा कॅमेरा तर इतका फुगला होता, की त्याने तो माझ्यापुढे ठेवून, "मॅडम, याले दिवस गेले काय?" असे विचारले. त्यामुळे बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला कॅमेरा घ्यावा, हे मी प्रत्येकाला सांगते. कपॅसिटर म्हणजे विजेचा लहानसा रांजण. गाडी बंद झाल्यावर शेवटचे चित्रण नीट लिहून ठेवण्यापुरते पाणी त्यात असते आणि तो फुगत नाही.

दुसरी अडचण खड्ड्यांची. मोठा धक्का बसला की कॅमेऱ्याला अपघात झाला असे वाटते आणि ते चित्रण तो कुलूप लावून ठेवतो, म्हणजे ते पुसले जात नाही. कल्पना उत्तम आहे. पण पहिल्या वर्षी मी बसवलेल्या एका कॅमेऱ्याने गाव ते बाजार एवढ्या अंतरात इतके अपघात नोंदवले, की कार्ड कुलूपबंद चित्रणांनी भरून गेले आणि कॅमेरा थांबला. तेव्हापासून धक्का ओळखण्याची त्याची शक्ती मी सर्वांत खालच्या पायरीवर आणून ठेवते. आमच्याकडे अपघाताची व्याख्या थोडी सैल ठेवावी लागते.

तिसरी अडचण श्रद्धेची. त्याबद्दल मी काही बोलत नाही, फक्त जागा शोधते. काचेच्या वरच्या भागात देवाच्या नावाची रुंद पट्टी, तिच्याखाली गोंड्यांची झालर, आणि मधोमध लिंबू-मिरची. कॅमेरा वायपर फिरतो त्या भागातच बसायला हवा, नाहीतर पावसात काही दिसत नाही. लिंबू-मिरची नेमकी तिथेच लटकत असते. एका मालकाने ती हलवायला नकार दिला. त्याच्या सगळ्या चित्रणात रस्ता मागे आणि पुढे एक लिंबू डुलत असते. तो समाधानी आहे.

या सगळ्या गाड्यांमध्ये मला कायम आठवते ती रिठदच्या उत्तमरावांची पिकअप.

उत्तमराव शेतकरी; हळद, तूर, हरभरा पिकवणारे. माल स्वतःच्या पिकअपमधून बाजारात धाडतात. कधी वाशीम, भाव बरा असेल तर कारंजा लाड. ऐन उन्हाळ्यात ते दुकानात आले आणि यजमानांच्या शेजारी खुर्ची ओढून इतक्या हळू आवाजात बोलू लागले, की डॅशबोर्डखालून मला काही ऐकू येईना. शेवटी यजमानांनीच हाक मारली, "बाहेर ये. हे काम तुह्या पद्धतीचं हाये."

उत्तमरावांना कॅमेरा हवा होता; तो चालकाला दिसू नये अशा बेताने लपवलेला.

"लपवून नाही बसवत आम्ही," मी म्हणाले. आमच्या दुकानाचे दोन नियम आहेत. एक, चालकाला सांगितल्याशिवाय कॅमेरा बसवायचा नाही. दुसरा, गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही. पहिला नियम माझा आहे आणि दुसरा यजमानांचा. बहुतेक वेळा दोन्ही पाळता येतात.

"मॅडम, तुमाले समजून नाही राह्यलं," उत्तमराव कळवळून म्हणाले. "गाडी कारंज्याहून परत यायले दर खेपेले उशीर होते. काहून होते, कुठं थांबते, काही पत्ता नाही. लोक दोन गोष्टी सांगतात. कोनी म्हनते पिते, कोनी म्हनते दुसऱ्याचा माल वाहते."

"मग चालकाला विचारा," मी म्हणाले.

उत्तमराव आणि यजमान या दोघांनीही माझ्याकडे असे पाहिले, की मी काही भलतेच बोलले असावे.

"ड्रायव्हर जवाई हाये यांचा," यजमान म्हणाले.

मग सारे उलगडले. चालक पुंजाजी म्हणजे उत्तमरावांच्या धाकट्या बहिणीचे, इंदुबाईंचे यजमान. एके काळी त्यांची स्वतःची जीप होती. रिसोड-वाशीम सवारी वाहायचे. तो धंदा बसला, जीप विकावी लागली आणि ते बायकोच्या माहेरी, रिठदला येऊन राहिले. उत्तमरावांनी पिकअप घेतली आणि त्यांच्या हाती दिली. आता आमच्याकडे जावई म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. बहिणीचा नवरासुद्धा घराचा जावईच. तो वयाने लहान असो, मोठा असो, मेहुणा त्याच्या पाया पडतो. त्याला पाटावर बसवायचे, आधी वाढायचे. त्याला 'उशीर का झाला' असे विचारायचे नाही. सासुरवाडीतच राहणाऱ्या जावयाला तर मुळीच नाही, कारण त्याला तो प्रश्न दुप्पट लागतो. आणि तो रुसला, तर घर बहिणीचे मोडते.

"त्याच्या पाया पडतो म्या दर सणाले," उत्तमराव म्हणाले. "त्याच माणसाले कसा इचारू, का दारू पेता काय?"

मी म्हटले, "लपवलेला कॅमेरा सापडला तर काय होईल?"

उत्तमरावांनी चहाचा कप खाली ठेवला. उपाय यजमानांना सुचला. असले उपाय त्यांनाच सुचतात. त्या वर्षी धोंड्याचा महिना उन्हाळ्यात आला होता. त्या महिन्यात लेकीला आणि जावयाला जेवायला बोलावून वाण देतात: पुरणाचे धोंडे, तेहेतीस अनारसे, ताटात दिवा, कपडे, आणि ऐपतीप्रमाणे एखादी वस्तू. आईवडील नसले की ते भाऊ करतो.

"द्या न् कॅमेराच वाणात," यजमान म्हणाले. "समोरचा रस्ता दाखवते म्हना. तुमच्या जिवाची काळजी म्हना. वाण हाये, जवाई नाही म्हनू शकत नाही. अन् तुमचंही काम होते."

उत्तमरावांचे डोळे चमकले. माझ्या नियमातही हे बसत होते. चालकाला सांगूनच कॅमेरा बसणार होता. नुसते सांगून काय, ओवाळून बसणार होता. फक्त समोर पाहणारा कॅमेरा घ्यायचा, आत पाहणारा नाही, एवढी अट मी घातली. गाडी कुठे आणि किती वेळ थांबते, हे त्यावरूनही कळते. उत्तमराव म्हणाले, "मुहूर्तावर तुमालेच यावं लागते मॅडम. घरी येऊन बसवा."

त्याप्रमाणे मी रिठदला गेले. ओसरीवर चौरंग मांडला होता. पुंजाजी त्यावर बसले होते. पांढरे धोतर, अंगात नवा सदरा, चेहरा गंभीर. साठीला आलेले, सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. मला ते पाहताक्षणी आवडले, कारण तेही माझ्यासारखेच पाहुण्यांच्या गर्दीत आपले हात कुठे ठेवावे या विवंचनेत दिसत होते. उत्तमरावांनी पितळी ताट पुढे केले. अनारशांच्या शेजारी कॅमेऱ्याचे खोके होते आणि त्यावर हळदीकुंकू.

"हे काय हाये?" पुंजाजींनी विचारले.

"तुमच्या गाडीले तिसरा डोळा," उत्तमराव म्हणाले आणि पाया पडले.

मी गाडीत शिरले. डॅशबोर्डवर घातलेले मखमली कापड आधी काढायला लावले, कारण उन्हात त्याचे प्रतिबिंब काचेवर पडते आणि चित्रणात रस्त्यावर मखमल अंथरल्यासारखी दिसते. काच स्पिरिटने पुसली. वायर काचेच्या कडेने, दारालगतच्या खांबाच्या आवरणाखालून फ्यूज बॉक्सपर्यंत नेली. लोंबती वायर म्हणजे आमच्या धंद्यातले शुद्धलेखनाचे दोष. मला ते सहन होत नाहीत. सर्व झाल्यावर मी विचारले, "मोबाइल कोणाचा जोडायचा?"

"माहा जोडा," उत्तमराव पुढे झाले.

"तुमचा काहून?" ओसरीवरून इंदुबाईंचा आवाज आला. "वाण कोनाले देल्लं, दादा?"

सगळे हसले. उत्तमराव हसले नाहीत. पण ताटात दिलेली वस्तू जावयाची असते. पुंजाजींनी खिशातून आपला मोबाइल काढून माझ्या हाती दिला आणि कॅमेरा त्यालाच जोडला गेला. गाडी कुठे थांबते हे सांगणारा पुरावा आता ज्याच्याबद्दल विचारायचे त्याच्याच खिशात जाणार होता, आणि तो दाखवा असे म्हणणे म्हणजे पुन्हा तोच प्रश्न विचारणे. उत्तमराव मला फाटकापर्यंत सोडायला आले, तेव्हा एवढेच म्हणाले, "मॅडम, सल्ला तुमच्या मालकाचा होता ना?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, ती पिकअप दुकानासमोर येऊन थांबली. पुंजाजी उतरले आणि यजमानांना नमस्कार करून सरळ माझ्याकडे आले. त्यांना तक्रार करायची होती आणि तक्रार करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यामुळे ते आधी उन्हाबद्दल बोलले, मग हळदीबद्दल, आणि मग म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. कॅमेरा चांगलाच हाये. पण तो खोटं दाखवते."

"खोटं म्हणजे?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. वाशीम ते मंगरूळपीर रस्त्यावरचे चित्रण होते. एका पुलाच्या अलीकडे भलामोठा केशरी बोर्ड दिसत होता: 'काम चालू आहे, वाहने सावकाश हाका.'

"हा बोर्ड तिथं नाहीच," पुंजाजी म्हणाले. "रोजचा रस्ता हाये माहा. झाड न् झाड माईत हाये. हे दुसऱ्या कोन्या रस्त्याचं यात घुसलं."

मी कॅमेऱ्याचे घड्याळ तपासले, तारीख तपासली. सगळे बरोबर होते. एका गाडीचे चित्रण दुसऱ्या गाडीत शिरत नाही, हे सांगावे कसे याचा विचार करीत मी चित्रण पुढे सरकवले. पुढे एक लांब, स्तब्ध भाग आला. गाडी इंजिन चालू ठेवून निंबाच्या झाडाखाली उभी होती आणि समोर मावळतीचा सूर्य. बराच वेळ काही हलत नव्हते. सूर्य शेताआड गेला, तेव्हा गाडी हलली.

"इथे का थांबलात?"

"असंच. जरा दम घेतो." ते दुसरीकडे पाहू लागले.

त्यानंतर तिसरे चित्रण. संधिप्रकाश. उजवीकडून एक म्हातारा सायकलवर कडब्याचा भारा लादून रस्त्यावर येत होता. गाडीचा वेग कमी झाला नाही. हॉर्न वाजला नाही. म्हातारा एकदम कडेला दबला आणि भाऱ्याची एक पेंडी खाली पडली. गाडी तशीच पुढे गेली.

"हाही त्यातलाच," पुंजाजी म्हणाले. "तिथं कोनी सायकलवाला नव्हता. असता त म्या हॉर्न नसता देल्ला?"

त्यांच्या आवाजात लबाडीचा लवलेश नव्हता. ते मनापासून बोलत होते. मी रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानाकडे बोट दाखवून विचारले, "त्या बोर्डावर काय लिहिलं आहे?"

"मेडिकल."

"त्याच्या खाली?"

त्यांनी डोळे बारीक केले. मग किंचित हसून म्हणाले, "मॅडम, तुमी मास्तरीन होत्या म्हनतात. परीक्षा घेऊन राह्यल्या काय?"

वर्गात मी इतकी वर्षे बोलले, पण ते पाठ्यपुस्तकातले बोलणे होते. माणसाला त्याच्या तोंडावर त्याला नको असलेली गोष्ट सांगणे मला कधी जमले नाही. घरात ते काम यजमान करतात. यजमान नेमके त्या वेळी आत चहा ठेवायला गेले होते. मी म्हणाले, "पुंजाजी, कॅमेरा खरं दाखवतो आहे. बोर्ड तिथे आहे. सायकलही होती."

त्यांनी मोबाइल माझ्या हातून घेतला. सायकलचे चित्रण पुन्हा लावले, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून पाहिले. मग आणखी एकदा. पडलेल्या पेंडीपाशी येऊन थांबले.

"लय दिवसाचं धुकं हाये डोळ्यात," ते अखेर म्हणाले. "सूर्य समोर आला की काहीच दिसत नाही. म्हनून तो बुडेपर्यंत थांबतो. बाकी रस्ता पाठ हाये, म्हनून चालून जाते." आणि लगेच हात जोडले. "उत्तमरावाले सांगू नका. गाडी गेली त माह्या हाती काय राह्यते? बायकोच्या माहेरी बसून खानारा जवाई होईन म्या."

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगायचं," मी म्हणाले. "पण इथून गाडी तुम्ही न्यायची नाही."

"अन् नेली त?"

मी गाडीत वाकले, फ्यूज बॉक्सचे झाकण काढले, एक फ्यूज उपसला आणि मुठीत धरला. इंजिनाचा फ्यूज बोटाच्या पेरापेक्षा मोठा नसतो, पण त्याच्याशिवाय गाडी जागची हलत नाही. पुंजाजींनी किल्ली फिरवून पाहिली. मग दार ओढून घेतले, काच वर केली आणि त्या उन्हात, बंद गाडीत, समोर पाहत बसून राहिले.

यजमान चहा घेऊन बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिले, माझ्या मुठीकडे पाहिले. "काय केलं तू?"

"जावई रुसले," मी म्हणाले.

यजमानांनी काचेवर टकटक केली, चहा दाखवला. पुंजाजींनी मान फिरवली. यजमानांनी सरबत मागवले. तेही परत आले. उन्हात माणूस आजारी पडेल या भीतीने शेवटी यजमानांनी दुकानातली ताडपत्री काढून पिकअपच्या टपावरून पुढच्या काचेपर्यंत सोडली. मग उत्तमरावांना फोन लावून एवढेच कळवले, की तुमची गाडी इथे बंद पडली आहे. हे खरेच होते.

उत्तमराव गावातल्या एकाच्या जीपमधून आले ते घामाघूम होऊन. "काय झालं गाडीले?" त्यांनी मला विचारले.

मी पुंजाजींकडे पाहिले. काच आता अर्धी खाली होती. मी शब्द दिलेला होता, त्यामुळे मूठ उघडून फ्यूज दाखवला आणि म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही."

उत्तमराव फ्यूजकडे पाहत राहिले. त्यांना विचारता येत नव्हते. त्यांची सगळी अडचण तीच होती. पुंजाजींना सांगता येत नव्हते. दोघांच्या मध्ये गाडीचे दार होते आणि ते कोणी उघडत नव्हते. मला वाटले, आता मीच बोलावे. तेवढ्यात काचेतून एक हात बाहेर आला. हातात मोबाइल होता.

"हे पाहा," पुंजाजी म्हणाले. "हा सायकलवाला. म्या याले पाह्यलंच नाही."

उत्तमरावांनी चित्रण पाहिले. म्हातारा दबला, पेंडी पडली. त्यांनी ते दुसऱ्यांदा पाहिले नाही.

"अन् उशीर?" त्यांनी विचारले. तो प्रश्न अखेर त्यांच्या तोंडून बाहेर पडला आणि काही कोसळले नाही.

"सूर्य डोळ्यावर येते. बुडेपर्यंत निंबाखाली थांबतो."

"बस, एवढंच?" उत्तमराव जवळजवळ ओरडले. "निंबाखाली? अन् म्या समजलो..."

"काय समजले?"

"काही नाही."

"नाही, सांगा न्. काय समजले?"

"अरे बाप्पा, काही नाही म्हनलं ना! उतरा खाली. घामानं चिंब झाले. उतरा, पाया पडतो."

"इथं रस्त्यात पाया नका पडू," पुंजाजी घाईने म्हणाले आणि उतरले. मग दोघांनी सरबत घेतले. मी फ्यूज जागेवर लावला.

डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, दोन्हीकडे. वाशीमला एकामागून एक दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत पुंजाजींना स्टिअरिंगला हात लावायची बंदी होती. त्या अवधीत गाडी उत्तमरावांनी चालवली. ते ट्रॅक्टरवर वाढलेले गृहस्थ. पिकअपही नांगरल्यासारखी चालवतात. शेजारच्या आसनावर काळा चष्मा लावून पुंजाजी बसत आणि सूचना देत. जावयाच्या सूचनेला मेहुण्याने नाही कसे म्हणावे? कारंज्याच्या बाजारात दोघांची ही जोडी लोकांनी फार आवडीने पाहिली असे ऐकते. एकदा उत्तमरावांनी गाडी घरच्या फाटकावरच घातली. त्या धक्क्याने मी बसवलेला कॅमेरा सुटून खाली आला. धक्का ओळखण्याची शक्ती सर्वांत खालच्या पायरीवर होती, तरी फाटकाच्या त्या चित्रणाला तिने कुलूप लावलेच. ते चित्रण पुंजाजींच्या मोबाइलमध्ये सुखरूप आहे. नातेवाइकांच्या लग्नात ते दाखवले जाते. उत्तमरावांनी मला एकांतात विचारले, ते पुसता येईल काय. मी म्हणाले, मोबाइल ज्याचा आहे त्याला विचारा. "तेवढं तरी आता इचारता येते," ते म्हणाले, "पण तो नाहीच म्हनते ना!"

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दोघे कॅमेरा पुन्हा बसवायला आले. कॅमेरा बसवल्यावर त्याची दिशा पाहण्यासाठी मी गाडीतून एक फेरी मारतेच. मी खिडकीशी बसले. उत्तमराव कोणी न सांगता मागच्या हौद्यात चढले आणि केबिनच्या पाठीला टेकून उभे राहिले. पुंजाजींनी किल्ली फिरवली.

बाजार ओलांडेपर्यंत ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होते. मग शाळेतल्या मुलासारखे, मोठ्या आवाजात वाचू लागले. "पुढे वळण आहे." "वाहने सावकाश हाका." "येथे सर्व प्रकारचे बी-बियाणे मिळेल." एका वाढदिवसाच्या फलकावरची शुभेच्छुकांची नावे त्यांनी गाडी हळू करून एकेक वाचली, त्यांतल्या दोघांना ते ओळखत होते आणि ते शुभेच्छा देण्याइतके मोठे कधी झाले, याचे त्यांना नवल वाटले. मागून उत्तमराव टपावर थाप मारून विचारत होते, "काय झालं? काहून थांबले?"

"वाचून राह्यलो!" पुंजाजी ओरडून सांगत.

"वाचा, वाचा!"

मी कॅमेऱ्याची दिशा तपासायची विसरले. त्याची गरजही नव्हती. परत येऊन गाडी दुकानासमोर थांबली, तेव्हा पुंजाजी लगेच उतरले नाहीत. मान वर करून आमच्या दुकानाचा बोर्ड त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला: दुकानाचे नाव, यजमानांचे नाव, कामांची यादी, 'सुटे पैसे द्यावेत'.

"मॅडम," ते म्हणाले, "यात तुमचं नाव कुठं हाये?"

"नाही," मी म्हणाले. "राहू द्या. बरं दिसतं तसंच."

"त्यांचं त हाये. ते त चहा पाजतात."

यजमान दारात उभे होते. त्यांनीही वर पाहिले आणि पाहत राहिले. मला फार संकोच वाटला आणि मी हत्यारांचा डबा घेऊन आत गेले.

पुढच्या आठवड्यात यजमानांनी पेंटर बोलावला. आमची बरीच बोलाचाली झाली. अखेर मी माघार घेतली, पण अक्षरे लहान काढायची, ही अट मान्य करून घेतली. ती इतकी लहान निघाली आहेत, की रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाहीत, अशी यजमानांची तक्रार आहे. परवा पुंजाजी समोरच्या मेडिकलमध्ये डोळ्यांचे थेंब घ्यायला आले होते. तिथूनच, रस्त्याच्या पलीकडून, त्यांनी माझे नाव पदवीसकट मोठ्याने वाचून दाखवले.